तुमच्याकडे सायकल किती?

फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक अंगठा आला होता. नख आखूड कापलेलं, पेराशी पांढरी चिकटपट्टी, आणि त्या पट्टीची एक कड किंचित सुटलेली. बाकीच्या विक्रेत्यांचे फोटो तिने पाहिले होते. त्यांची यंत्रं काळ्या कापडावर मांडलेली असत, वरून दिवे सोडलेले, कुठे बोटाचा ठसासुद्धा नाही. या माणसाने आपला टेपरेकॉर्डर साध्या लाकडी जमिनीवर ठेवला होता आणि आतली चाकं दिसावीत म्हणून झाकण एका हाताने उघडं धरून दुसऱ्या हाताने फोटो काढला होता.

"हाच घेऊ या," ती म्हणाली.

शेजारी बसलेल्या पुतणीने मान वाकडी करून स्क्रीनकडे पाहिलं. "आत्या, याची गिऱ्हाइकं बघ किती कमी. आणि माणूस समुद्रापलीकडचा. गायब झाला तर कुठे शोधणार आहेस?"

"चिकटपट्टी लावलेला माणूस गायब होत नाही."

"हे तुमच्या लॅबमध्ये सिद्ध झालंय का?"

"सध्या नुसतं निरीक्षण आहे."

ती शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत होती. सकाळी वेगवेगळ्या टाक्यांवरून नमुन्यांच्या बाटल्या यायच्या. त्यांतला गढूळपणा, क्लोरीन, क्षार मोजायचे आणि आकडे वर पाठवायचे. पाणी चांगलं असलं की त्यावर कुणी काही बोलत नसे. तिची सगळी नोकरी या न बोलण्यात गेली होती आणि तिला ते आवडत असे. लग्न झालं नव्हतं. त्याची कारणं एके काळी होती, आता ती तिलाच नीट सांगता आली नसती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. संध्याकाळी दार लावलं की आत एक शांतता असे, आणि ती शांतता तिची होती, जशी इतरांची मुलंबाळं असतात तशी.

टेपरेकॉर्डर हवा होता तो एका रिळासाठी. मागच्या वर्षी बाबा आपलं घर सोडून दादाकडे राहायला गेले तेव्हा त्यांची पेटी रिकामी करताना पत्र्याचा एक चपटा डबा निघाला. डब्यात तपकिरी फितीचं रीळ.

"तुझी आई आहे त्यात," बाबा म्हणाले होते. आई आतल्या खोलीत काहीतरी करत असावी आणि हाक मारली तर येईल, अशा सुरात.

आई गेली तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. दादा सहा वर्षांचा होता. तिच्या वाट्याला आईचा एक फोटो आला होता, आणि फोटोतलं तोंड मिटलेलं होतं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने रीळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "बाई, हे वाजवायचं मशीन आता भंगारातही मिळत नाही. कुरियरने पाठवून द्या. मोठ्या स्टुडिओत उतरवून देतात."

"आणि हरवलं तर?"

"मग हरवलं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तिने रीळ परत डब्यात ठेवलं. ते घराबाहेर जाणार नव्हतं; यंत्रालाच त्याच्याकडे यावं लागणार होतं. दादाने हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "एका बटणासाठी कोट शिवणारी आपल्या घरात एकच."

विक्रेता त्याच्या भाषेत लिहायचा. पुतणीने फोनवर एक सोय करून दिली होती. त्याचं लिहिणं आपोआप मराठीत उतरायचं. ते मराठी एखाद्या फार सभ्य पाहुण्यासारखं होतं. 'आपले स्वागत आहे. यंत्राचे आरोग्य उत्तम आहे. मी त्याला नवीन पट्टा नेसवला आहे.' तिला हे वाचायला आवडायचं. दुपारी डबा खाल्ल्यावर ती प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी राहून ते निरोप पुन्हा वाचायची.

मग एक दिवस आलं: 'कृपया सांगा, तुमच्याकडे सायकल किती?'

पुतणी खुर्चीतून घसरायची बाकी होती. "जोडधंदा दिसतोय. टेपरेकॉर्डरवर सायकल फुकट."

"काय लिहू?"

"खरं ते लिही."

तिने लिहिलं, 'एकही नाही. मी बसने जाते.'

दोन दिवस काहीच आलं नाही. मग आलं: 'मला नीट समजले नाही. सायकल वेगळी असेल तर चाक बदलावे लागेल. चाक मी देऊ शकतो.'

त्या रात्री दादाकडे जेवताना पुतणीने हे सगळं आवाज बदलून सांगितलं. वहिनी कंबर धरून हसली. तिची कंबर हसण्यानेही दुखायची. बाबाही हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं. मग पोळी तोडताना त्यांनी विचारलं, "कुणाची सायकल?"

पुतणीने पुन्हा सांगितलं. बाबा पुन्हा हसले. ताटं उचलताना ते म्हणाले, "सायकल कुणी आणलीय? बाहेर ठेवू नका, चोरीला जाते."

दादाने ताटांवरून तिच्याकडे पाहिलं.

तो तिला जिन्यापर्यंत सोडायला आला. "निवासवाल्यांचा परत फोन आला होता."

"वृद्धाश्रम म्हण."

"तू वृद्धाश्रम म्हण, मी निवास म्हणतो, खोली तीच आहे. दोघा मुलांची संमती लागते त्यांना. खोली रिकामी होईपर्यंत नाव धरून ठेवतायत." त्याने कठड्याला पाठ टेकली. तो थकला होता. त्याचा शर्ट एका बाजूने बाहेर आला होता. "परवा गॅस सुरू ठेवून गच्चीत जाऊन बसले. गेल्या महिन्यात केस कापायला गेले आणि दुपारपर्यंत बस स्टॉपवर. कुठे जायचंय विचारलं तर म्हणाले, बस आली की कळेल. हिची कंबर ही अशी. मी काही कसाई नाहीये."

"मी म्हटलं का तसं?"

"तू काहीच म्हणत नाहीस. हीच तर अडचण आहे. काय ते सांग एकदा."

"बघते."

"महिनाभर बघतेयस."

निवासाला हो म्हणायचं की नाही, एवढंच दादा विचारत होता. तिसरी एक गोष्ट होती, ती कुणीच बोललं नव्हतं. तिच्याकडे दोन खोल्या होत्या आणि माणूस एक. कधीकधी बसमध्ये ती त्या गोष्टीच्या जवळ जायची. भिंतीपलीकडून येणारा खोकला, फरशीवर घासणाऱ्या चपला, विझवायचा राहिलेला दिवा, रोज तोच प्रश्न. मग तिचा स्टॉप यायचा आणि ती उतरायची.

विक्रेत्याला तिने लिहिलं, 'चाक नको, आभारी आहे. आमची वीज दोनशे तीस व्होल्ट आहे.' त्यावर तो म्हणाला की मग विजेचा दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर तेवढा घ्या, आणि वाट पाहा.

वाट पाहणं लांबलं. खोकं जहाजाने आलं, कस्टममध्ये अडलं, सुटलं. दोन माणसांनी ते वर आणून दिलं. आत प्रत्येक बटण वर्तमानपत्राच्या तुकड्यात वेगळं गुंडाळलेलं होतं. अनोळखी लिपीतले ते तुकडे तिने हाताने सपाट करून ठेवले. टाकून द्यावेसे वाटेनात. यंत्राला तेलाचा आणि जुन्या कपाटाचा वास होता. प्लगच्या पिना चपट्या होत्या, पण ट्रान्सफॉर्मरला तशी भोकं होती. तिने तो लावला. तो मधमाशीसारखा गुणगुणायला लागला.

उन्हं कलली होती. तिने दिवा लावला नाही. फीत ओवली, बटण दाबलं आणि जमिनीवर बसली.

आधी नुसती खरखर, दूरवर पाऊस पडत असावा तशी. मग एक बाई बोलायला लागली.

आवाज खालच्या पट्टीतला होता, भरदार, जरासा झोपाळलेला. शब्द एकेक करून यायचे आणि दोन शब्दांमध्ये जागा असायची. "चालू... झालं का? काय... बोलू मी? दादा खाली खेळतोय. बारकी... आत्ता झोपलीये." बारकी म्हणजे ती. घरात अजूनही तिला तेच म्हणत. त्या बाईने ते नाव असं उच्चारलं की ते पाण्यात सोडलेल्या एखाद्या जड वस्तूसारखं हळूहळू खाली गेलं आणि तळाला टेकलं.

ती आता आईच्या दुप्पट वयाची होती. तरीही हा आवाज तिच्यापेक्षा मोठ्या बाईचा होता. खूप काही पाहून झालेल्या, कशाचीही घाई नसलेल्या बाईचा. अशा आवाजापुढे आपण लहान असू शकतो, असं तिला वाटलं. खोलीत अंधार झाला तरी ती तशीच बसून राहिली.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती थोडंसं ऐके. सगळं नाही, फीत जुनी होती. सुरुवातीचा तुकडा ऐकायचा आणि थांबवायचं. तिची संध्याकाळ त्या आवाजाच्या वेगाने चालायला लागली. भांडी घासताना हात सावकाश फिरायचे. बाटलीतला गाळ खाली बसताना पाहत ती कामावर नुसतीच उभी राहायची. एकदा सहकारी बाईंनी विचारलं, "बरं नाहीये का? किती हळू बोलायला लागलाय हल्ली."

"आईवर गेलेय," ती म्हणाली. हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होती.

रविवारी दादा बाबांना घेऊन आला. तिने बाबांना खुर्ची दिली. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आवाज सुरू झाला तसा त्याने डोळे मिटले. "हो," तो म्हणाला. "अशीच बोलायची. अगदी अशीच." त्याने नाक पुसलं.

बाबा ऐकत होते. पाहुण्यांकडे गेल्यावर बसतात तसे, हात मांडीवर ठेवून.

"बाबा?" ती म्हणाली.

"छान आहे आवाज. रेडिओवर असतात का या?"

"बाबा, आई आहे ती."

"कुणाची?"

दादाने डोळे उघडले. "आमची. तुमची बायको. अहो, तुम्हीच म्हणालात ना, डब्यात तिचा आवाज आहे?"

बाबांनी पुन्हा कान दिला. त्यांना खरंच मदत करायची होती. "नाही," ते म्हणाले. "ही बाई सावकाश आहे. ती सारखी घाईत असायची. एक वाक्य संपायच्या आत दुसरं. मी म्हणायचो, अगं, श्वास तरी घे." ते उठले. "यांना चहा द्या. दमल्यासारख्या वाटतात."

तिने टेप बंद केला. निवासातली खोली आता रिकामी झाली होती आणि ते ती महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवणार होते. जिना उतरताना बाबांचा दंड धरून दादाने मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याला महिनाअखेर जोडलेली होती.

ती पुढचे काही दिवस रागावलेली होती. कुणावर ते तिला कळत नव्हतं. स्वतःच्या बायकोला न ओळखणाऱ्या माणसाला एक खोली काय आणि दुसरी काय, असा विचार मनात आला आणि तिला बरं वाटलं, म्हणून ती अधिकच अस्वस्थ झाली.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत बाहेरून मागवलेलं एक ढवळणी यंत्र आलं. खात्याचा इलेक्ट्रिशियन ते बसवत होता. मागच्या पत्र्याच्या पट्टीवर त्याने बॅटरी मारली.

"मॅडम, हे पन्नास सायकलचंच मागवलंय ना?"

"कशाचं?"

"सायकल. विजेची हो. आपल्याकडे पन्नास, काही देशांत साठ. साठवालं इथे लावलं की मोटर रेंगाळते. आता सगळे हर्ट्झ म्हणतात. आमचे साहेब सायकल म्हणायचे, मला तीच सवय." त्याने पट्टीवरची धूळ अंगठ्याने पुसली. "दोन्हीवर चालतं. टेन्शन नाही."

ती बाटल्यांच्या रांगेकडे पाहत राहिली. मग तिला हसू फुटलं. इलेक्ट्रिशियन बिचारा गोंधळून स्क्रू शोधायला लागला.

ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब उतरवतो. तिची लय बदलत नाही. शाळेत शिकलेली गोष्ट. तो माणूस नेमकं हेच विचारत होता, आणि तिने त्याला आपण बसने जातो म्हणून कळवलं होतं.

तरीही मोजल्याशिवाय मानायचं नाही, ही सवय होती. प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच पर्समध्ये टाकून ती घरी आली. फितीत पुढे एका ठिकाणी शेजारचा रेडिओ ऐकू येतो, हे तिने एकदा पुसटसं ऐकलं होतं. तिथे ती गेली. रेडिओवर वेळ सांगणारे टूंटूं ठोके वाजत होते, सहा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पाच सेकंद जायला हवेत. साऱ्या जगात ते तसेच वाजतात. तिने बटण दाबलं, सोडलं. सहा सेकंद. पुन्हा मोजलं. सहा.

म्हणजे ती बाई कधी नव्हतीच. ती रेंगाळणारी मोटर होती.

आणि बाबांनी ते पहिल्या मिनिटात ओळखलं होतं.

तिने विक्रेत्याला लिहिलं, 'आमच्याकडे सायकल पन्नास आहेत. उशिरा कळवते आहे.'

उत्तर लगेच आलं. 'आता समजले. मोठे चाक उद्या निघेल. मी पुन्हा विचारायला हवे होते. माझी पत्नी म्हणते की तुम्ही बसने जाता हे चांगले आहे.'

चाक विमानाने आलं, सुपारीएवढं, पितळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मोटरच्या दांड्यावरचं छोटं चाक काढून हे बसवायचं, की पट्टा जोरात फिरणार आणि फीत तिच्या खऱ्या वेगाने धावणार. काम सोपं होतं. तिने ते केलं नाही.

ते तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि त्या संध्याकाळीही तीच बाई ऐकली. दुसऱ्या संध्याकाळीही. आता तिला सगळं माहीत होतं, पण त्याने काही बिघडत नव्हतं. "बारकी... आत्ता झोपलीये." ती डोळे मिटून घेई. स्वप्नात एक उंच, जाड वेणीची, पांढऱ्या होत चाललेल्या केसांची बाई तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून खिडकीबाहेर पाहत असे. तिला कुठेही जायचं नसे. ती वळेल आणि काहीतरी सांगेल, असं वाटे. ती वळत नसे, पण वाईटही वाटत नसे; वेळ भरपूर होता. चाक बसवलं की ही बाई जाणार होती, आणि तिच्या जागी कोण येणार, हे तिला ठाऊक नव्हतं. चाक बसवलं नाही, तर बाबा चुकले होते. निदान दादाच्या हिशेबी चुकले होते, आणि त्या चुकीवर एक सही होणार होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दादाने बाबांना तिच्याकडे सोडलं. वहिनीला डॉक्टरकडे न्यायचं होतं. "संध्याकाळी येतो," तो म्हणाला, "आणि आज बघते म्हणू नकोस."

दुपारी तिने यंत्र पलंगावर आडवं ठेवलं आणि स्क्रू काढायला घेतले. बाबा शेजारी खुर्चीत बसले. ते आयुष्यभर एका चष्म्याच्या दुकानात काचा घासत होते. बारीक वस्तू दिसली की त्यांचे हात अजून पुढे येत.

"काय बिघडलंय?"

"हळू चालतंय, बाबा."

"मग?"

"चाक बदलतेय."

"बरं." त्यांनी तळहात पसरला. ती एकेक स्क्रू त्यावर ठेवत गेली. त्यांनी बोटं मिटली नाहीत, हात हलवला नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय बिघडलंय?"

"हळू चालतंय."

"मग चाक बदल."

"बदलतेय."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण अजून वैतागलो नाही. प्रश्न तोच होता, पण प्रत्येक वेळी तो खरा होता. जुनं चाक सहज निघालं. नवं दांड्यावर बसताना थोडं अडलं. तिने तेलाचा थेंब सोडला, दाबलं, आणि ते बसलं. पट्टा चढवला. बाबांच्या तळहातावरचे स्क्रू कोमट झाले होते.

शेवटचा स्क्रू आवळत असताना दादा आला. दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकलून तो तसाच आत आला. हातात गाडीची किल्ली, खांद्यावर वहिनीची पर्स.

"हे काय मांडलंय? चला बाबा, ही खाली गाडीत बसलीय." मग तिच्याकडे वळून, हळू आवाजात, "सांग."

"आधी पाच मिनिटं बस."

"मला ते परत ऐकायचं नाहीये. आणि त्यांना तर नाहीच ऐकवायचं."

"बस, दादा."

तो पलंगाच्या कडेवर टेकला, किल्ली हातातच. तिने फीत ओवली. बटणावर बोट ठेवल्यावर तिला क्षणभर वाटलं की त्या दुसऱ्या बाईचा निरोप घ्यायला हवा होता. मग तिने बटण दाबलं.

"चालू झालं का? काय बोलू मी? अय्या, फिरतंय की हे, अहो थांबा ना, हसवू नका. दादा खाली खेळतोय, बारकी आत्ता झोपलीये, म्हणजे झोपलीये असं वाटतंय, एक डोळा उघडाच असतो हिचा, बापावर गेलीय—"

पोरगी होती ती. वरच्या पट्टीतली, धाप लागलेली, शब्दांवर शब्द टाकणारी. जिना चढून आलेल्या पुतणीसारखी. हिला कसलाच अनुभव नव्हता. हिच्या कुशीत शिरण्यासारखं काही नव्हतं. हिचीच वेणी कुणीतरी घालून द्यायला हवी होती. हिला दम खायला सांगावं, पाणी द्यावं, असं तिला वाटलं. आणि मग तिला जाणवलं की हिच्यापुढे फारसे दिवस नाहीत, हिला ते ठाऊक नाही, आणि तरीही ही घाई करतेय.

दादाचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. "ही कोण?" तो पुटपुटला.

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. खांदे हलत होते. ते हसत होते, आवाज न करता, वर्गात हसू दाबणाऱ्या मुलासारखे.

"श्वास तरी घे," ते यंत्राला म्हणाले.

टेपमधल्या खोलीत शेजारचा रेडिओ घुसला. ठोके वाजले, भराभर. लगेच तो आवाज चढला: "अहो, दार लावा आधी ते! सगळा रेडिओ शिरतोय यात. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

बाबा उठले. खुर्चीच्या हातावर जोर देऊन, एक गुडघा सरळ करून, मग दुसरा. टेपमध्ये भरभर पावलं वाजली आणि दार धाडकन लागलं. खोलीत मात्र बाबा अजून पलंगाच्या टोकाशी होते. ते चालत चालत दारापर्यंत गेले. दादाने उघडं टाकलेलं दार त्यांनी लोटलं, कडी घातली, हाताने ओढून पाहिली. टेपमधलं दार केव्हाच लागलं होतं. हे लागायला वेळ लागला.

ते परत येऊन बसले. "लावलं," ते म्हणाले.

फीत फिरत होती. ती मुलगी आता दुसरंच काहीतरी सांगत होती, बारकीला दात येतायत, बाबांच्या अंगावरचा शर्ट उसवलाय.

दादाने किल्ली मुठीत दाबली. "पाहिलंस?" तो अगदी हळू म्हणाला. त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. "त्यांना वाटतंय ती इथेच आहे. त्यांना काळवेळ काही उरलेलं नाही. हेच सांगतोय मी तुला चार महिने."

त्याचं चूक नव्हतं. बाबा उद्याही गॅस सुरू ठेवतील. तिच्या दोन खोल्यांतली शांतता मोडेल, आणि ती परत मिळणार नाही. तिला त्याचा आत्ताच त्रास होत होता. दुपारी कामावर असताना त्यांच्यापाशी कोण थांबेल, याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. पण त्यांना कुणी काहीतरी सांगितलं होतं आणि ते उठून गेले होते. खोटा आवाज आला तेव्हा त्यांनी तो आपला मानला नव्हता.

"बारके," बाबा म्हणाले, "काय बिघडलं होतं याचं?"

"हळू चालत होतं, बाबा."

"आता?"

"आता बरोबर आहे."

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा ऐकायला लागले. दादा उठून उभा राहिला, वहिनीची पर्स खांद्यावर सावरत. तो तिच्याकडे पाहत थांबला होता, आणि या वेळी तिने नजर खाली घेतली नाही.

"तू वहिनीला घेऊन घरी जा, दादा," ती म्हणाली. "बाबा माझ्याकडे राहतील."